दुहेरी फुलांच्या वेली : मोरवेल, गोकर्ण आणि नेरडीगोंड्याचे कुंपण



निर्मळहून महबूब घाट चढून आदिलाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग नेरडीगोंड्यावरून जातो. कुंटाळ्याचा धबधबा पाहण्यासाठी येणाऱ्या प्रवाशांची वर्दळ पावसाळ्यानंतर येथे वाढते. अशा रस्त्यांच्या कडेला हल्ली रोपे विकणारे बसतात. त्यांच्याजवळच्या रंगीत चित्रांत बशीएवढी जांभळी व पांढरी, पाकळ्यांनी गच्च भरलेली फुले वेलीवर लगडलेली दिसतात. चित्र पाहून रोप घरी नेणाऱ्या माणसाला त्या वेलीचे नाव, तिचा स्वभाव आणि तिचा देश यांपैकी काहीच ठाऊक नसते. रोप पावसाळ्यात तगते, थंडीत हिरवे राहते आणि चैत्रात वाळून जाते. पैसे गेल्याचे दुःख असतेच. त्याहून वाईट म्हणजे 'आमच्या मातीत काही होत नाही' असा समज घरात मुरतो. मातीचा यात काडीचाही दोष नाही. वेल निवडताना काय पाहावे आणि निवडलेली वेल वाढवावी कशी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

चित्रातील ती वेल म्हणजे क्लेमॅटिस. नाव परके असले तरी कूळ परके नाही. सह्याद्रीच्या घाटात पावसाळा सरता सरता झुडपांवर पांढऱ्या फुलांची चादर पसरते, तिला मोरवेल किंवा रानजाई म्हणतात. ती क्लेमॅटिसच आहे. या वेलीला द्राक्षासारखे ताणे नसतात, वा काकडीसारखे तंतू नसतात. पानाचा देठच आधाराभोवती वेटोळे घालतो आणि त्या देठांच्या जोरावर वेल चढते. म्हणून तिला जाड वासा उपयोगी पडत नाही. देठाला वेढता येईल अशी बारीक काठी, सुतळी किंवा तारेची जाळी लागते. फूल पाहावे तर आणखी एक गंमत आढळते. जे पांढरे दिसते त्या पाकळ्या नव्हेतच. त्या फुलाच्या बाहेरच्या वेढ्यातील निदले आहेत. खऱ्या पाकळ्या या फुलाला नाहीत. निदलांच्या आत पुंकेसरांचा झुपका असतो, आणि फूल गळल्यावर प्रत्येक बीजाला मऊ, पिसासारखी शेपटी येते. वाऱ्याबरोबर ते बीज दूर जाऊन पडते.

आता 'दुहेरी फूल' म्हणजे काय, हे या मोरवेलीच्याच आधारे सांगता येईल. माळी मंडळी ज्याला सरळ 'डबल' म्हणतात त्या क्लेमॅटिसमध्ये नव्या पाकळ्या कोठून तरी येऊन चिकटत नाहीत. आतले पुंकेसर रुंद होऊन पाकळीसारखे बनतात. निसर्गात क्वचित एखाद्या रोपावर असा बदल घडतो. कोणीतरी डोळस माणूस ते रोप उचलून जपतो आणि पुढे त्याची कलमे करतो. म्हणजे फुलाला जे सौंदर्य मिळाले ते परागाच्या मोबदल्यात मिळाले. पुंकेसर गेले की पराग गेला, बीज धरणे कमी झाले किंवा अजिबात थांबले. आणि बी धरलेच तरी त्यापासून आईसारखे रोप येईल याची शाश्वती नाही. ही एक गोष्ट पक्की ध्यानात राहिली तरी पुष्कळ फसवणूक टळेल. दुहेरी क्लेमॅटिसचे 'खात्रीचे बी' म्हणून जी पुडी विकली जाते, ती घेऊ नये.

या वेलीचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. मोठ्या फुलांच्या जाती मूळच्या चीन-जपानकडील. तेथील बागांत त्या युरोपीय लोक येण्याच्या आधीपासून जोपासल्या जात होत्या. दुहेरी फुलांची वेलही तिकडूनच युरोपात गेली. इंग्लंडमध्ये वोकिंग येथील जॅकमन यांच्या रोपवाटिकेत केलेल्या संकराला १८६२ साली जांभळी फुले आली, आणि तेव्हापासून तिकडच्या घरांच्या दारावर ही वेल चढली. भारताचाही त्यात वाटा आहे. हिमालयातील पांढऱ्या फुलांची जात १८३१ साली इंग्लंडात पोहोचली. तिचे श्रेय गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी ॲम्हर्स्ट यांना दिले जाते. मुंबईच्या राणीच्या बागेत ज्या वृक्षाला लोक उर्वशी म्हणतात, त्याचे शास्त्रीय नावही याच बाईंच्या सन्मानार्थ आहे.

थंड हवेच्या ठिकाणी ज्यांचे नातलग असतील त्यांच्यासाठी, तसेच रोपवाटिकेत काम करू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी, या वेलीच्या अभिवृद्धीची रीत येथे सांगितली पाहिजे. इतर वेलींनाही ती थोड्या फरकाने लागू पडते.

पहिली रीत फाट्याची. गुलाबाचे किंवा जास्वंदीचे कलम करताना पेराच्या लगेच खाली काप घेण्याची आपली सवय असते. क्लेमॅटिसमध्ये काप दोन पेरांच्या मध्ये, कांड्यावर घेतात. जेथून पाने फुटतात ते पेर आणि दोन पेरांमधला भाग ते कांडे, हे शब्द उसामुळे सर्वांच्या परिचयाचे आहेत. अर्धवट पिकलेल्या, म्हणजे वाकवली तर लवचीक पण पिचकी नसलेल्या फांदीचे असे तुकडे करावेत की प्रत्येकाला एकच पेर राहील, वर अगदी थोडे आणि खाली बोट-दीड बोट कांडे राहील. समोरासमोरच्या दोन पानांपैकी एक काढून टाकावे, कारण मुळे नसलेल्या तुकड्याला दोन पानांची तहान भागवता येत नाही. धुतलेली नदीची वाळू आणि चाळलेले पानखत समभाग घेऊन त्यात तुकडा पेरापर्यंत रोवावा. वरून काच किंवा पारदर्शक कागद झाकून सावलीत ठेवावा. मुळे फुटण्यास महिना-दीड महिना लागतो, काहींना त्याहून जास्त. घाईने उपटून पाहण्याचा मोह आवरावा. निम्मी कलमे या कुतूहलापायीच मरतात.

दुसरी रीत दाब कलमाची. ती सावकाश पण निर्धास्त आहे. आईपासून न तोडता फांदी जमिनीवर आणावयाची, पेराच्या खालच्या बाजूस तिरपी चीर द्यावयाची, दोन-अडीच इंच खोल चरात ती चीर बसवून बांबूच्या चिमट्याने किंवा दगडाने दाबावयाची आणि माती-पानखताने झाकावयाची. शेंडा मोकळा ठेवून काठीला बांधावा. माती कधीही कोरडी पडू देऊ नये. क्लेमॅटिसला असे वर्षभर थांबावे लागते. मोगऱ्याला पावसाळ्यातले दोन-तीन महिने पुरतात. पूर्वीचे युरोपीय रोपवाटिकावाले रानटी क्लेमॅटिसच्या मुळावर चांगल्या जातीचे कलम बांधीत.

रोप लावताना ते पिशवीत होते त्याहून दोन-तीन इंच खोल लावतात. एरवी हा सल्ला चुकीचा ठरेल. इतर झाडांचे बुंध मातीत गाडले तर ते कुजतात. परंतु मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिसला बुरशीजन्य मर रोग होतो आणि भरात आलेली वेल एकाएकी काळी पडून लोंबते. जमिनीखाली एखादे पेर असेल तर तेथून ती पुन्हा फुटते. ही खोल लागवड म्हणजे एक प्रकारचा विमाच आहे.

छाटणीची चूक मात्र फार जण करतात. अनेक दुहेरी जातींना भरगच्च फुले येतात ती गेल्या वर्षीच्या जुन्या लाकडावर. त्याच वेलीला नव्या फुटीवर नंतर जी फुले येतात ती एकेरी असतात. ज्याने हिवाळ्यात स्वच्छतेच्या उत्साहाने सारी वेल जमिनीलगत कापली, त्याला पुढल्या बहराला एकेरी फुले पाहून विक्रेत्याने फसविल्याचा संशय येतो. विक्रेता त्या वेळी निर्दोष असतो. दोष कात्रीचा असतो.

हे सर्व सांगून झाल्यावर स्पष्टच बोलले पाहिजे. ही वेल नेरडीगोंड्याची नव्हे. तिला मुळाशी गारवा आणि डोक्यावर सौम्य ऊन लागते. येथे हिवाळ्याच्या रात्री चांगल्या थंड असतात, हे खरे. आदिलाबादची थंडी तेलंगणात प्रसिद्धच आहे. पण एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या पुष्कळ वर जातो, काळी जमीन भेगाळते आणि कोरडा वारा पाने भाजून काढतो. त्या दोन महिन्यांत पाण्याचा हंडा आधी घरात जाणार, गोठ्यात जाणार. वेलीच्या वाट्याला तो येणार नाही, आणि येऊही नये. शाळेच्या बागेसाठी मिळालेली तुटपुंजी रक्कम अशा रोपांवर खर्च करणे म्हणूनच अयोग्य ठरेल.

सह्याद्रीतील मोरवेल आणून लावावी काय, असाही प्रश्न निघतो. लावता येईल, पण रानातून मुळासकट उपटून आणू नये. उपटलेली जुनी वेल बहुधा जगत नाही आणि रानातली जागा मात्र रिकामी होते. तिचे पिसवाले बीज हिवाळ्यात गोळा करून पावसाच्या तोंडावर पेरावे आणि धीर धरावा, कारण ते उगवण्यास महिनोन्महिने घेते. या कुळातील वेलींचा ताजा रस दाहक असतो. कातडीवर तो फार वेळ राहिला तर फोड येतात, डोळ्यांत गेला तर इजा होते. म्हणून छाटणी करताना हाताला कापड गुंडाळावे आणि मुलांच्या हाती ओली पाने देऊ नयेत. याच तिखटपणामुळे गुरे सहसा तिला तोंड लावीत नाहीत, हा कुंपणाच्या दृष्टीने गुणच म्हणावा लागेल.

मग नेरडीगोंड्याला दुहेरी फुलांची वेल नाहीच काय? आहे, आणि ती बहुतेकांच्या पाहण्यात आहे. ती म्हणजे गोकर्ण. तेलुगूत तिला शंखुपुष्पम् म्हणतात. औषधाच्या दुकानात शंखपुष्पी म्हणून मिळणारी वनस्पती बहुधा वेगळी असते, तेव्हा नावावरून गल्लत होऊ देऊ नये. इंडोनेशियातील तेर्नाते बेटाच्या नावावरून गोकर्णाला शास्त्रीय नाव मिळाले असले तरी आपल्याकडे ती देवाच्या परडीत कधीची रुळली आहे. निळी व पांढरी अशा दोन्ही रंगांची गोकर्ण होते.

एकेरी गोकर्णाचे फूल गाईच्या कानासारखे. त्यात एक मोठी पाकळी असते, तिला ध्वजक म्हणतात, आणि चार लहान पाकळ्या असतात. दुहेरी गोकर्णात या लहान पाकळ्याही ध्वजकासारख्या मोठ्या होतात आणि फूल गुलाबाच्या छोट्या कळीसारखे भरते. येथे क्लेमॅटिसशी असलेला फरक नीट समजून घेतला पाहिजे. क्लेमॅटिसमध्ये पुंकेसरांच्या पाकळ्या झाल्या. गोकर्णात मुळातल्या पाकळ्यांनीच रूप बदलले, पुंकेसर शाबूत राहिले. म्हणून दुहेरी गोकर्णाला शेंगा धरतात, आणि तिचे परागण बहुतांशी फुलातल्या फुलातच होत असल्यामुळे बियांपासून बहुधा दुहेरी फुलांचीच रोपे मिळतात. 'दुहेरी फुलाला बी नाही' हा नियम सरसकट नाही. फूल दुहेरी कशामुळे झाले यावर तो अवलंबून आहे.

तरीही मधमाशी फुलांवर हिंडतच असते. शेजारी एकेरी गोकर्ण असेल तर काही बियांत मिसळ होते आणि पुढल्या पिढ्यांत एकेरी फुले डोकावू लागतात. बियाण्यासाठी ठेवावयाच्या वेली म्हणूनच निराळ्या कोपऱ्यात लावाव्यात आणि पहिले फूल एकेरी निघाले की तो वेल तेथून काढून दुसऱ्या कुंपणाला न्यावा. फेकण्याचे कारण नाही. एकेरी फूलही पूजेला चालते.

पेरणी मृगाच्या पावसाबरोबर करावी. बियांचे कवच कठीण असते. वाळूच्या दगडावर किंवा काचकागदावर बी हलकेच घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालावे. सकाळी फुगलेले बी पेरावे, न फुगलेले पुन्हा घासावे. अर्धा इंच खोल, दीड-दोन फुटांवर दोन-दोन बिया टाकाव्यात. आठवडा-दोन आठवड्यांत कोंब वर येतात. ही शेंगवर्गीय वेल असल्यामुळे तिच्या मुळांवर गाठी असतात आणि हवेतील नत्र ती स्वतः मिळविते. तिला युरियाचा मारा करू नये; तसे केल्यास पाला माजतो आणि फुले रुसतात. आळ्यात एक पाटी कुजलेले शेणखत पुरे. पाणी साचू मात्र देऊ नये. काळ्या जमिनीत पावसाळ्यातले साचलेले पाणी हाच तिचा मोठा शत्रू आहे, म्हणून रोप वरंब्यावर लावावे. शेंडे दोनदा खुडले की फुटवे वाढतात. फूल ज्या दिवशी उमलते त्याच दिवशी खुडले तर वेल पुन्हा कळ्या धरते. शेंगा भरू दिल्या तर तिला काम संपल्यासारखे वाटते. खाली मूळ खोल जात असल्याने ती उन्हाळा काढते, पाने गाळून का होईना.

एक अडचण मोठी आहे, ती शेळीची. गोकर्णाचा पाला उत्तम चारा आहे आणि शेळीला हे माणसाच्या आधी कळले आहे. पहिले दोन महिने काट्यांची पुंजी रोपांभोवती रचली पाहिजे. पुढे वेल वर चढली की खालचा पाला शेळीने खाल्ला तरी बिघडत नाही. उलट छाटलेला पाला गोठ्यात टाकता येतो. फुलांसाठी लावलेल्या वेलीचा चारा म्हणूनही उपयोग व्हावा, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

विक्रीविषयी फार मोठी आशा दाखविणे बरे नव्हे. गोकर्णाचे फूल तासाभरात मलूल होते, ते झेंडूसारखे टोपलीत भरून दूरच्या बाजारी नेता येत नाही. आश्विनात बतुकम्मा आणि दसरा जवळ आले की येथे तरवड, कुर्डू आणि झेंडू यांना मागणी असते. गोकर्णाला ती तशी नाही. परंतु सावलीत वाळविलेल्या फुलांचा निळा रंग पाण्यात उतरतो, आणि लिंबाचा रस पिळला की तो जांभळा होतो. आग्नेय आशियात भाताला व पेयांना हा रंग देतात, आणि अलीकडे आपल्या शहरांतही निळा चहा म्हणून तो विकला जाऊ लागला आहे. बचत गटातील भगिनींनी यात उतरण्यापूर्वी घेणारा कोण, किती घेणार आणि दर काय, हे आधी विचारून घ्यावे. ज्या फुलांवर फवारणी झाली ती खाण्यापिण्यासाठी वाळवू नयेत. कापसाच्या शेताच्या बांधावरील वेलीबाबत हे विशेष पाळावे लागेल, कारण कापसावरचे औषध वाऱ्याने बांधापर्यंत येते. गोकर्णाचे मूळ व बी रेचक आहे, तेव्हा बिया मुलांच्या हाती लागू नयेत. प्रारंभ करावयाचा तर रोपे आणि बी यांपासून करावा. महामार्गावर थांबणाऱ्या प्रवाशाला चित्रातील परदेशी वेलीऐवजी फुललेल्या दुहेरी गोकर्णाची पिशवी दाखविली, तर घेणाऱ्याचेही नुकसान होत नाही.

सुगंधासाठी दुहेरी मोगरा, म्हणजे बेला किंवा मोतिया, शेजारी लावावा. त्याला बी धरत नाही असेच समजावे, आणि वर सांगितलेल्या दाब कलमाचा सराव त्याच्यावरच करावा. पाच फांद्या दाबल्या आणि तीन लागल्या तरी हात बसला असे मानावे.

शिक्षकवर्गास एक सूचना. एकेरी व दुहेरी गोकर्णाचे एकेक फूल वर्गात आणून मुलांकडून ब्लेडने नव्हे तर बोटांनीच उकलून घ्यावे आणि पाकळ्या व पुंकेसर मोजून वहीत चिकटवावेत. त्यानंतर जास्वंदीचे एकेरी आणि दुहेरी फूल उकलावे. कोणत्या फुलात काय बदलले, हे मुले स्वतःच सांगतील. शाळेच्या कुंपणाचा काही भाग एकेरी फुलांसाठीही राखावा, कारण ज्या दुहेरी फुलांत पुंकेसर उरत नाहीत त्यांच्यावर मधमाशीला रिकाम्या हाताने परतावे लागते, आणि तीच मधमाशी पलीकडच्या शेतात कारळा व तीळ यांची फुले फळवीत असते.

येत्या हंगामासाठी बी ज्यांना धरावयाचे आहे त्यांनी दसऱ्याच्या सुमारास सर्वांत भरगच्च फुलांच्या दोन-तीन वेली निवडून त्यांना रंगीत दोरा बांधावा. त्या वेलींची फुले त्यानंतर खुडू नयेत. शेंगा तपकिरी होऊन तडकण्याच्या आत, सकाळच्या दवात तोडाव्यात. दुपारी तोडल्यास त्या हातातच उकलतात आणि बी उडून जाते. चार दिवस सावलीत वाळवून बी कोरड्या बाटलीत कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासह भरावे आणि बाटलीवर रंग, एकेरी की दुहेरी, आणि वर्ष लिहून ठेवावे.